पावसाळ्यात तळातली खोकी दबतात : ‘पास’ अहवाल आणि न केलेल्या चाचण्या

अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतून न्हावा शेवा बंदराकडे किंवा देशातल्या दूरच्या गोदामांकडे माल पाठवणाऱ्या कारखान्यांना जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत एकाच प्रकारची तक्रार येत राहते. पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौथऱ्यावर, लावलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे वरचे थर धडधाकट असतात, पण तळातले एक-दोन थर दबलेले, बाजूंनी फुगलेले आणि कोपऱ्यांवर चुरगळलेले असतात. थप्पी एका अंगाला कललेली असते आणि आतला माल, मग ते स्विचगिअरचे सुटे भाग असोत की वाहनांचे, वाकून किंवा ओरखडे पडून परत येतो. खोकी पुरवणाऱ्याकडे विचारणा केली की तो चाचणी अहवाल पुढे करतो आणि त्यातले सगळे रकाने ‘पास’ असतात. मग जीएसएम (कागदाचे दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) वाढवला जातो, पाच प्लायचे (पदरांचे) सात प्लाय केले जातात, दर खोक्यामागे खर्च चढतो, हिवाळा-उन्हाळा निभावून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तसेच फोटो पुन्हा व्हॉट्सॲपवर येतात.

पुरवठादाराचा अहवाल बहुतेक वेळा खराच असतो. अडचण अशी असते की खोके ज्या कारणाने बसते, ते कारण त्या अहवालात मोजलेलेच नसते. आणि जे मोजलेले असते ते कोरड्या हवेत, रिकाम्या खोक्यावर किंवा नुसत्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर, काही सेकंदांत मोजलेले असते. म्हणून कागद जाड करण्याआधी बिघाड कोणत्या जातीचा आहे हे ठरवावे आणि मगच त्या बिघाडाला लागू पडणारी चाचणी करून घ्यावी, हा क्रम पाळणे फार महत्त्वाचे आहे.

आधी खराब झालेले खोके पाहावे

नुकसानीची खूण नीट वाचली तर निम्मे निदान तिथेच होते. खोक्याच्या चारही बाजू मध्यावर बाहेर फुगलेल्या असतील आणि वरच्या किंवा खालच्या घडीजवळ आडवी सुरकुती पडली असेल, तर ते वरच्या वजनाने दबले आहे. एकच कोपरा आत गेला असेल आणि बाकीचे खोके सरळ असेल, तर ते हातातून पडले आहे किंवा फेकले गेले आहे. छपाई घासून गेली असेल, आत कागदाचा भुसा पडला असेल आणि मालावर ओरखडे असतील, तर रस्त्याच्या हादऱ्यांचा तो परिणाम आहे. तळाला भोक असेल तर पॅलेटचा वर आलेला खिळा किंवा फोर्कलिफ्टचा काटा शोधावा.

दबलेल्या खोक्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हाताने तपासता येते. खोक्याच्या बाजूचा वरचा कागद एका कोपऱ्यापासून नखाने उचकटून हळूहळू ओढावा. कागद फाटत, तंतू सोडत निघाला आणि फ्ल्यूटच्या, म्हणजे पुठ्ठ्यातल्या पन्हळी कागदाच्या, शिखरांवर कागदाचे केस चिकटून राहिले, तर पदर चिकटवणारी खळ चांगली आहे. तो सालीसारखा अखंड सुटला आणि खाली फ्ल्यूटच्या स्वच्छ, चकचकीत रेघा दिसल्या, तर ओलाव्याने स्टार्चची खळ सुटली आहे, आणि अशा खोक्यात कितीही जाड कागद घातला तरी पुठ्ठ्याचे पदर सुटे होऊन तो एकसंध भार उचलू शकत नाही. नुसते वजनाने दबणे आणि खळ सुटणे या दोन्ही बिघाडांत खोके बाहेरून सारखेच दिसते, उपाय मात्र पूर्णपणे वेगळे आहेत.

म्हणून ज्यांच्याकडे माल पोहोचतो त्यांच्या गोदामपालाला विनंती करावी की गाडी किंवा कंटेनर उघडल्याबरोबर, माल खाली उतरवण्यापूर्वी, दाराशी उभे राहून थप्पीचे फोटो काढावेत आणि तळाच्या थरातली किमान दोन खराब खोकी न फेकता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावीत. उतरवून झाल्यावर काढलेल्या फोटोत कोणते खोके कोणत्या थरात होते हे कळत नाही आणि सगळा तपास अंदाजावर येतो.

अहवालात नेमके काय मोजलेले असते

आपल्याकडच्या खोक्यांच्या व्यवहारात बोलले जाते ते जीएसएम, बीएफ आणि बर्स्टिंग स्ट्रेंग्थ यांबद्दल. बर्स्टिंगच्या यंत्रात पुठ्ठा घट्ट पकडून त्याखालच्या रबरी पडद्यावर द्रवाचा दाब वाढवत नेतात आणि पुठ्ठा किती दाबाला फुटतो ते किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये नोंदवतात. बीएफ (बर्स्ट फॅक्टर) म्हणजे हा आकडा हजाराने गुणून जीएसएमने भागलेला. त्यामुळे १५० जीएसएमचा १८ बीएफ कागद २.७ किलोला फुटतो. पाच प्लायच्या खोक्यात असे तीन लायनर, म्हणजे सपाट कागद, आणि दोन फ्ल्यूट असतील, तर फ्ल्यूटची ताकद निम्मी धरण्याच्या रिवाजाने एकूण बर्स्टिंग १०.८ भरते आणि अहवालावर तोच आकडा येतो.

या रिवाजातच तक्रारीचे मूळ दडलेले असते. बर्स्टिंगच्या हिशेबात फ्ल्यूटला निम्मीच किंमत असल्यामुळे बचत करायची झाली की पुरवठादाराचा हात आधी फ्ल्यूटच्या कागदावर जातो. लायनर थोडा बरा वापरला की आकडा जागेवर राहतो. थप्पीचा उभा भार पेलताना मात्र फ्ल्यूटच लायनरना ताठ आणि एकमेकांपासून अंतरावर धरून ठेवतात. आतून फुटण्याला किंवा टोचण्याला खोके किती तोंड देईल याचा काही अंदाज बर्स्टिंगवरून येतो, पण वरून येणाऱ्या वजनाखाली ते उभे राहील की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. सात प्लाय करूनही तक्रार थांबत नाही तेव्हा बहुधा हेच घडलेले असते.

थप्पीसाठी दोन चाचण्या मागाव्यात. पहिली एज क्रश टेस्ट, म्हणजे ईसीटी. तिच्यात फ्ल्यूट उभे ठेवून पुठ्ठ्याची छोटी पट्टी कडेवर उभी दाबतात. दुसरी बॉक्स कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे बीसीटी. तिच्यात संपूर्ण खोके दोन पोलादी पाट्यांमध्ये ठेवून मिनिटाला सुमारे दहा मिलिमीटर या संथ वेगाने दाबत नेतात. भरलेल्या वाहतूक खोक्यांच्या चाचण्यांसाठी आयएस ७०२८ ही भारतीय मानकांची मालिका आहे, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या, १९६६ साली स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगच्या प्रयोगशाळेत अशा चाचण्या करून मिळतात. अहवाल हातात आल्यावर आकड्याच्या आधी नमुना कोणत्या हवेत ठेवून तपासला ती ओळ वाचावी. कागदाच्या चाचण्यांसाठी आयएसओ १८७ या मानकाने २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता ठरवून दिली आहे. ही ओळच नसेल, तर मे महिन्यातल्या नाशिकच्या कोरड्या दुपारी कडकडीत वाळलेल्या खोक्याचा आकडा जुलैच्या मालाला लावला जाण्याची दाट शक्यता असते.

तळाच्या खोक्यावर किती भार येतो

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहिले तर गोष्ट स्पष्ट होईल. खोके ४०० मिलिमीटर लांब, ३०० रुंद आणि २५० उंच आहे, भरलेले वजन १२ किलो आहे आणि पॅलेटवर आठ थर लावले आहेत असे धरू. तळाच्या खोक्यावर सात खोक्यांचे, म्हणजे ८४ किलो वजन येते.

आता खोक्याची ताकद पाहू. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ पेपर केमिस्ट्रीमध्ये मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलेले सूत्र आजही उद्योगात वापरले जाते. खोक्याचा घेर आणि पुठ्ठ्याची जाडी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे, त्याला ईसीटीने आणि मग ५.८७ ने गुणावे. घेर १४० सेंटिमीटर, जाडी ०.६५ सेंटिमीटर आणि ईसीटी दर सेंटिमीटरला ६ किलो असेल, तर उत्तर सुमारे ३३६ किलो येते. भार ८४ आणि ताकद ३३६, म्हणजे चौपट. कागदावर हे खोके भक्कम दिसते आणि खरेदी विभाग समाधानी होतो.

ही चौपट ताकद वाटेत कशी संपते ते पाहावे. कोरुगेटेड, म्हणजे पन्हळी पुठ्ठ्याच्या, उद्योगात वापरल्या जाणाऱ्या घटकांनुसार महिनाभर सतत भाराखाली उभ्या राहिलेल्या खोक्याची ताकद सुमारे ६० टक्के उरते, कारण कागद स्थिर वजनाखालीही हळूहळू थकत जातो. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेली की त्यातली सुमारे ६८ टक्के उरते. ९० टक्क्यांवर गेली तर निम्म्याहूनही कमी. पॅलेटच्या फळ्यांमध्ये रुंद फटी असतील आणि खोक्याच्या कडा त्या फटींवर येत असतील, तर आणखी १० ते २५ टक्के जातात. आपण १५ धरू. शेवटी थर कसे लावले आहेत ते येते. खोकी विटांच्या भिंतीसारखी सांधेमोड करून लावली असतील, तर उरलेल्यातली ४० ते ६० टक्के ताकद त्या एका कारणाने जाते. आपण निम्मी धरू.

सगळे गुणले की ०.६० गुणिले ०.६८ गुणिले ०.८५ गुणिले ०.५०, म्हणजे सुमारे ०.१७ हाती राहते. ८४ किलोचा भार महिनाभर पावसाळ्यात पेलायचा असेल, तर प्रयोगशाळेतली ताकद सुमारे ४८५ किलो हवी आणि आपल्या खोक्याची ३३६ आहे. ते दबणारच. आता थर लावण्याची पद्धत तेवढी बदलू आणि खोक्यावर खोके, कोपऱ्यावर कोपरा येईल असे सरळ उभे लावू. शेवटचा घटक निघून जातो, लागणारी ताकद सुमारे २४२ किलोवर येते आणि तेच ३३६ किलोचे खोके पुरते. कागदात एका ग्रॅमचीही भर पडलेली नाही.

हा फरक इतका मोठा असण्याचे कारण खोक्याच्या रचनेत आहे. उभ्या भाराचा सुमारे दोन तृतीयांश वाटा चार उभे कोपरे आणि त्यांच्या लगतचा भाग पेलतो, मधल्या सपाट बाजू लवकर फुगून भार सोडून देतात. सांधेमोड केल्यावर वरच्या खोक्याचा कोपरा खालच्या खोक्याच्या सर्वात दुबळ्या मध्यभागावर येऊन बसतो. लोडिंग करणारी माणसे सांधेमोड करतात ती थप्पी घसरू नये म्हणून, आणि त्यांची काळजी रास्त आहे. त्यामुळे नुसती मनाई करून भागत नाही, थप्पी स्थिर राहण्याची दुसरी सोय करून द्यावी लागते. खालचे सगळे थर सरळ लावून फक्त सर्वात वरचा थर आडवा बांधावा, चारही कोपऱ्यांना वरपासून खालपर्यंत पुठ्ठ्याचे कोनपट्टे लावावेत, त्यांवरून स्ट्रॅपिंग करावे आणि स्ट्रेच फिल्म पॅलेटच्या लाकडापर्यंत उतरवावी. पट्टी कोनपट्ट्यांशिवाय ताणली तर ती स्वतःच खोक्याच्या कडा कापते.

द्राक्षनिर्यातदारांकडून या बाबतीत शिकण्यासारखे बरेच आहे. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या पॅकहाउसमधून निघणारी खोकी शून्य अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत कित्येक आठवडे राहतात. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपात जाऊ लागल्यावर तो काळ आणखी लांबला. कागदासाठी याहून कठीण परिस्थिती क्वचितच असेल. तिथे कोपऱ्यावर कोपरा, कोनपट्टे आणि पाणी कमी शोषणारा बाहेरचा कागद या गोष्टी गृहीतच धरलेल्या असतात. थंड हवा उभी वाहावी म्हणून छिद्रे जुळवावी लागतात, त्यामुळेही थर सरळ ठेवावे लागतात. यंत्रांचे भाग पाठवणाऱ्यांनी अशा एखाद्या पॅकहाउसमध्ये पॅलेट बांधताना पाहावे, अशी माझी मनापासून शिफारस आहे.

हिशेबात आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे पोहोचल्यावर काय होते. पलीकडच्या गोदामात एका पॅलेटवर दुसरे चढवले, तर तळाच्या खोक्यावर पंधरा खोकी आणि एक पॅलेट मिळून सुमारे २०० किलो येतात आणि सरळ थरांनाही ५७५ किलोंच्या पुढची ताकद लागते. हे विचारूनच घ्यावे. अशी पद्धत असेल तर मात्र भारी खोके घेण्याला खरोखरच पर्याय नाही.

ओलावा कुठून येतो

पाऊस थेट खोक्यावर पडला नसतानाही कागद ओला होतो. ५० टक्के आर्द्रतेत पुठ्ठ्यातला ओलावा ७ ते ८ टक्के असतो आणि ९० टक्क्यांत तो जवळपास दुपटीवर जातो. नाशिकहून निघालेली गाडी कसारा घाट उतरून किनारपट्टीच्या दमट हवेत शिरते, कंटेनर यार्डात दिवसा तापतो आणि रात्री थंड होतो, आणि आतल्या हवेतले पाणी छताला थेंब धरून खाली टपकते. ओलावा शोषणाऱ्या निर्जलक पिशव्या टांगल्याने हे बरेच कमी होते, पण आत पाण्याचा साठाच कुणी ठेवला असेल तर त्या पुऱ्या पडत नाहीत.

तो साठा बहुधा पॅलेटच्या लाकडात असतो. निर्यातीच्या लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ‘एचटी’ (हीट ट्रीटेड) असा शिक्का असतो. त्याचा अर्थ लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे ठेवून कीड मारली आहे एवढाच आहे. लाकूड वाळवलेले आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ताज्या कापलेल्या लाकडाचे पॅलेट शिक्का असूनही ओलेचिंब असू शकते आणि तळाच्या थराला खालून आठवडेच्या आठवडे दमट ठेवते. तळाचाच थर का बसतो याचे हे दुसरे कारण आहे आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ओलावामापकाच्या दोन सुया लाकडात रोवून २० टक्क्यांच्या वर आकडा आला तर ते पॅलेट परत करावे. पॅलेट आणि पहिला थर यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा एक ताव घातला की फटींचा त्रास आणि खालचा ओलावा दोन्ही कमी होतात.

बाहेरच्या कागदाची पाणी शोषण्याची वृत्ती कॉब चाचणीने कळते. त्यासाठीचे साधन साधे आहे आणि ती कारखान्यातही करता येते. कागदाचा तुकडा वजन करून १०० चौरस सेंटिमीटरच्या गोल कड्याखाली घट्ट पकडतात, त्यावर १०० मिलिलीटर पाणी ओततात, ४५ सेकंद झाली की पाणी झटकन ओतून टाकतात, बरोबर ६० व्या सेकंदाला त्यावर शोषकागद ठेवून दहा किलोचा रोलर एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवतात, आणि तुकडा पुन्हा तोलतात. वाढलेले ग्रॅम शंभराने गुणले की दर चौरस मीटरला किती पाणी शोषले ते मिळते. रोलर हाताने दाबायचा नाही, त्याच्या स्वतःच्या वजनानेच फिरू द्यायचा; जोर लावला की आकडा खोटा चांगला येतो. खळ सुटण्याची तक्रार असेल तर मात्र कॉबवर थांबू नये आणि पुरवठादाराकडे पाण्याला टिकणाऱ्या खळीची मागणी करावी.

आपल्याच शेडमध्ये करता येणारी परीक्षा

प्रयोगशाळेचा अहवाल मागवण्याआधी किंवा त्याच्या जोडीला एक साधी परीक्षा प्रत्येक कारखान्याने पावसाळ्यात घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. खऱ्या मालाने भरलेली तीन खोकी उघड्या शेडमध्ये दोन दिवस ठेवून हवेशी जुळवून घ्यावीत आणि शेजारी आर्द्रतामापक टांगावा. मग प्रत्येकावर सपाट फळी ठेवून तळाच्या थरावर येतो तितका भार मोजून चढवावा, चारही कोपऱ्यांची उंची मिलिमीटरमध्ये लिहावी आणि रोज त्याच वेळी पुन्हा मोजावी. पहिल्या दिवशी थोडी घट सगळीकडेच दिसते, कारण घड्या बसतात. त्यानंतर उंची थांबली पाहिजे. ती रोज थोडी थोडी उतरत राहिली, किंवा एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा लवकर उतरू लागला, तर खोके प्रवासात बसणार आहे हे आठवडाभरात कळते.

शक्य असेल तर भार चढवण्याआधी खोके हादऱ्यांतून काढावे, कारण रस्त्यावर हलून आलेले खोके नव्या खोक्याइतके ताठ नसते. प्रयोगशाळेत इस्टा (इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशन) या संस्थेच्या १ए पद्धतीने ही चाचणी होते. एक इंच हालचालीच्या टेबलावर खोके १४,२०० वेळा उसळू देतात आणि मग १२ किलोच्या खोक्याला ६१ सेंटिमीटरवरून एका कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहा बाजूंवर मिळून दहा वेळा पाडतात. कुरिअरने सुटी जाणारी खोकी असतील तर हीच चाचणी महत्त्वाची. पॅलेटवर बांधून जाणाऱ्या मालाला तिच्यापेक्षा थप्पीची चाचणी अधिक लागू पडते.

खोक्यात वर रिकामी जागा सोडू नये. माल खोक्याच्या तोंडापर्यंत असेल आणि तो स्वतः ताठ असेल तर भाराचा काही हिस्सा मालच उचलतो. रिकाम्या जागेवर झाकणाचे पल्ले आत वाकतात आणि कोपरे त्यांच्यामागे जातात. आत खणांची जाळी घातली तरी ताकद बरीच वाढते. हात घालण्याची भोके कोपऱ्याजवळ घेऊ नयेत, आणि गडद, भरगच्च छपाईही टाळावी, कारण छपाईचा रूळ दाबला गेला की फ्ल्यूट आधीच चेपलेले निघतात. कोरी खोकी गोदामाच्या ओल्या जमिनीवर न ठेवता घोडीवर ठेवावीत.

हे सगळे झाल्यावरच जीएसएम वाढवण्याचा विचार करावा, आणि तोही फ्ल्यूटच्या कागदापासून सुरुवात करून. खरेदीच्या ऑर्डरवर ‘पाच प्लाय, अमुक जीएसएम, अमुक बीएफ’ एवढेच न लिहिता किमान ईसीटी, किमान बीसीटी, बाहेरच्या लायनरचा कमाल कॉब आणि चाचणीची हवा या चार गोष्टी लिहाव्यात. पुरवठादार सुरुवातीला कुरकुर करील, पण त्यालाही याचा फायदा आहे, कारण जीएसएमचा हट्ट सोडला की कमी वजनाच्या चांगल्या कागदात तीच ताकद बसवण्याची त्याला मोकळीक मिळते.

बदल केल्यानंतर पहिल्या तीन-चार पावसाळी खेपांत एका पॅलेटवर तळाच्या खोक्यांच्या कोपऱ्यांची उंची निघताना लिहून तो कागद त्याच पॅलेटला चिकटवून पाठवावा आणि पलीकडे पोहोचल्यावर तीच मापे पुन्हा घ्यायला सांगावीत. उंची सर्व कोपऱ्यांवर सारखी उतरली असेल तर भार किंवा काळ जास्त आहे. एकाच बाजूला उतरली असेल तर त्या बाजूची पॅलेटची फळी, पॅलेटबाहेर आलेली खोक्याची कड किंवा कंटेनरच्या भिंतीकडून आलेला ओलावा आधी तपासावा.